मिल्कशेक मॅडम

काळेवाडीतल्या एका छोट्या इंग्रजी शाळेत मी सहा वर्षं बालवर्गाला शिकवलं. शाळा म्हणजे मूळचा एक दोन मजली बंगला. खालच्या हॉलमध्ये नर्सरी आणि जुन्या स्वयंपाकघरात माझा ज्युनिअर केजीचा वर्ग. ओट्याखालच्या कप्प्यांत मुलांची दप्तरं राहायची आणि सिंकवर लाकडी फळी टाकून त्यावर मी खडू, डस्टर ठेवायचे. शाळेचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात शाळेचं आणि माझं, दोघांचंही फारसं कौतुक नाही.

पहिल्या दिवशी मी वर्गासमोर उभी राहिले आणि ठरवून दिल्याप्रमाणे इंग्रजीत म्हटलं, "माय नेम इज शेख मॅडम." पुढच्या रांगेतल्या एका मुलीने लगेच विचारलं, "मँगो का चिक्कू?"

मला काही कळलंच नाही. कळलं तोवर अठ्ठावीस मुलांनी आपापली ऑर्डर दिली होती. त्या दिवसापासून मी मिल्कशेक मॅडम. मुलांनी घरी तेच सांगितलं. आठवड्याभराने गेटवर एक आजी मला म्हणाल्या, "मिल्कशेक बाई तुम्हीच का हो? आमचा नातू दुधाला तोंड लावत नव्हता. आता तुमचं नाव घेऊन पितो." आडनावावरून आम्ही आजवर बरंच काही ऐकून घेतलं आहे. इतकं गोड कुणी कधी म्हटलं नव्हतं.

लहान मुलांना शिकवण्यातली पहिली अडचण ही, की ती आपलं ऐकतात. ऐकत नाहीत अशी तक्रार सगळे करतात, पण खरा घोळ ती अक्षरशः ऐकतात तेव्हा होतो. एकदा मधल्या सुट्टीच्या आधी वर्गात फार गोंधळ चालला होता. मी ओरडले, "हाताची घडी, तोंडावर बोट!" इंग्रजी शाळेत असं मराठीत ओरडायचं नसतं, पण राग आला की माणसाचं माध्यम बदलतं. वर्ग चिडीचूप झाला. तेवढ्यात ऑफिसमधून हाक आली आणि मी गेले. तिथे फीच्या पावत्यांचा काहीतरी घोळ होता, त्यात पंधरा मिनिटं गेली. परत येते तर सुट्टी कधीचीच झालेली, नर्सरीची पोरं अंगणात पळतायत आणि माझा वर्ग तसाच बसलेला. समोर डबे, आणि प्रत्येकाच्या तोंडावर बोट. शेवटच्या रांगेतला एकजण तोंडावरचं बोट न हलवता, त्याच्या बाजूने आवाज काढत म्हणाला, "मॅडम, पोळी कुठून खायची?"

मी हसले, सगळ्यांना सोडलं आणि संध्याकाळी घरी जाऊन हा किस्सा रंगवून सांगितला. पंधरा मिनिटं उपाशी कोण बसलं होतं, हे त्या दिवशी माझ्या डोक्यातही आलं नाही.

काळेवाडी पवनेच्या काठावर आहे. पूल ओलांडला की पिंपरी. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग एकामागून एक कारखाने आले, पुढे हा पट्टा चाकणपर्यंत पसरला. त्या कारखान्यांत राबणारी माणसं तापकीरनगर, नढेनगर, ज्योतिबानगरच्या खोल्यांतून राहायला आली. माझ्या वर्गात लातूरची, नांदेडची, बुलढाण्याची मुलं होती. दोन बिहारची होती, एक गुलबर्ग्याची. त्यांच्या घरातलं घड्याळ कंपनीच्या बसवर चालायचं, आणि ते घड्याळ माझ्या वर्गातही शिरलं.

एकदा मी सूर्य आणि चंद्राचा तक्ता लावून विचारलं, "रात्री सूर्य कुठे जातो?" मला 'डोंगरामागे' असं उत्तर हवं होतं. एक मुलगा म्हणाला, "घरी. त्याची फर्स्ट शिफ्ट असते."

"मग चंद्र?"

"नाइट शिफ्ट."

"आणि चंद्र कधी कधी अर्धाच का दिसतो?"

"हाफ डे," तीन-चार जण एकदम म्हणाले. अमावास्येचा प्रश्न मी विचारलाच नाही. तरी एक मुलगी आपणहून म्हणाली, "आणि गुरुवारी दिसतच नाही." आमच्याकडच्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्या मुलीचे पप्पा फक्त गुरुवारी दिवसा जागे दिसायचे, त्यामुळे चंद्रालाही तिने तोच वार देऊन टाकला होता. मी तिला चूक म्हणू शकले नाही. तिचा हिशोब माझ्या तक्त्यापेक्षा पक्का होता.

बुटांचंही असंच झालं. जुलैतल्या एका मुसळधार दिवशी अठ्ठावीस जोड काळे बूट वाळायला म्हणून जिन्यावर ठेवले आणि सुटताना घाईघाईत ज्याला जे बसेल ते चढवून दिलं. कोण दोन डावे बूट घालून गेलं, कोणाच्या पायात नर्सरीतल्या भावाचा बूट. रात्री नऊ वाजता माझ्या दाराची कडी वाजली. बाहेर कंपनीच्या गणवेशात एक वडील, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एकच बूट. "मॅडम, उजवा मिळंल का? उद्या फर्स्टला जायचंय, सकाळी यायला जमणार नाही." मी त्यांना चहा विचारला. ते नको म्हणाले. बूट काही माझ्याकडे नव्हता. तो सापडायला तीन दिवस लागले आणि तोवर त्यांचं पोर शाळेत एका पायात बूट, एका पायात चप्पल घालून येत होतं आणि वर्गात सगळ्यात ऐटीत चालत होतं.

सगळ्यांत गाजला तो तीन जानेवारीचा कार्यक्रम. सावित्रीबाई फुल्यांची जयंती. १८४८ साली मुलींची शाळा जिथे सुरू झाली तो भिडेवाडा आमच्यापासून बसने तासाभराच्या अंतरावर, तेव्हा प्रसंग करायचाच असं ठरलं. सावित्रीबाई शाळेत चालल्या आहेत, लोक त्यांच्यावर शेण फेकतात, त्या शांतपणे पुढे जातात. फातिमाही हवी म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'शेखांची जबाबदारी तुमच्याकडे.' सावित्रीबाईंनी १८५६ साली माहेराहून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमेचा उल्लेख आहे. आपण नसताना तिला कामाचा त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं त्यात आहे. कुरकुर न करण्याची ही परंपरा शेखांच्या माझ्या शाखेपर्यंत काही पोहोचली नाही. मी भरपूर कुरकुर केली आणि शेवटी तालीम घेतली.

शेणाऐवजी तपकिरी कागदाचे बोळे होते. तालमीत सगळं नीट झालं. कार्यक्रमात मात्र समोर पालक बसलेले पाहून शेण फेकणाऱ्यांना चेव आला आणि एक बोळा सावित्रीबाईंच्या बरोबर नाकावर बसला. सावित्रीबाई थांबल्या. पदर खोचला. वाकून बोळा उचलला आणि परत फेकला. मग दुसरा, मग तिसरा. फातिमा आधी गोंधळली, मग तिनेही हातातली पाटी ठेवली आणि मदतीला धावली. दोन मिनिटांत सनातनी मंडळी रडत आयांच्या मांडीवर जाऊन बसली. पालकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की पुढचं भाषण कुणाला ऐकूच गेलं नाही.

हे किस्से मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे. लग्नात, ईदला, गाडीत. लोक पोट धरून हसतात. एक किस्सा मात्र मी कधी सांगितला नाही, आणि खरं तर तोही विनोदीच आहे.

वर्गात एक मुलगा होता. त्याला आपण बटण म्हणू, कारण शर्टाचं दुसरं बटण तो कायम तोंडात धरून असायचा. जूनच्या शेवटी आला, लातूरकडचा. बोलायचा नाही. शाळेचा नियम असा की वर्गात इंग्रजीच बोलायचं, आणि बाथरूमला जायचं तर ठरलेलं इंग्रजी वाक्य म्हणून परवानगी मागायची. बाकीच्यांना ते वाक्य नर्सरीतच पाठ झालं होतं. बटण नर्सरीत नव्हताच.

तो एक दिवस जागेवरून उठला, माझ्या टेबलाजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मे आय कम इन?"

मी वह्या तपासत होते. म्हटलं, "यू आर ऑलरेडी इन, बाळा. सिट डाउन." तो जाऊन बसला. थोड्या वेळाने परत आला. "मे आय कम इन?" आता वर्ग हसला. मीही हसले. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने एका पायावर दुसरा पाय दाबून धरला होता. ते मला दिसलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. दिसलं होतं, पण मी गमतीत होते. मी म्हटलं, "अरे, अजून किती आत येणार आहेस?"

वर्ग पुन्हा खदखदला, आणि बटणच्या पायाखाली पाणी साचायला लागलं.

त्याच्याजवळ इंग्रजीचं ते एकच वाक्य होतं. होतं नव्हतं ते त्याने तीनदा माझ्यापुढे ठेवलं, आणि मी त्यातलं व्याकरण तपासत बसले.

मावशींनी फरशी पुसली. कोरडी चड्डी म्हणून शाळेत काही नव्हतं, तेव्हा गॅदरिंगच्या पेटीतून मावळ्याची सुरवार काढून त्याला नेसवली. तो रडला नाही. बटण तोंडात धरून सुटेपर्यंत भिंतीकडे बघत बसला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

त्या रात्री मला माझी स्वतःची पहिली आठवली. सोलापूरची महानगरपालिकेची मराठी शाळा. आमच्या घरी दखनी बोलत. 'नको'ला नक्को, 'हो'ला हौ. मराठी कानावर होती, पण तहान लागली की तोंडात घरचंच येतं. मी उभी राहून म्हटलं होतं, "बाई, पानी पीको आतूं." सगळा वर्ग हसला होता, आणि मग कित्येक दिवस मुली मला 'पिको-फॉल' म्हणून चिडवायच्या. पण बाई हसल्या नव्हत्या. त्यांनी माठाकडे बोट दाखवलं, आणि मी परत आल्यावर विचारलं, "पीको आलीस का?" बास. त्या एका प्रश्नावर मी जन्मभरासाठी त्या बाईंची झाले. मराठी मी त्यांच्यासाठीच शिकले असं म्हटलं तरी चालेल.

आणि हे सगळं मी विसरून गेले होते. टेबलाच्या या बाजूला आल्यावर माणूस काय काय विसरतो.

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बटणच्या घरी गेले. बालशिक्षणाच्या कोर्सला आम्हाला 'अंगणवाडी' या शब्दावर टीप लिहायला होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या पाड्यांवर, त्यांच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. पुढे १९७५ साली सरकारची बालविकास योजना आली, तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळालं. मी हे सगळं व्यवस्थित लिहिलं होतं आणि पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. एखाद्या मुलाच्या अंगणात मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच गेले. अंगण नव्हतंच. चाळीतली एक अरुंद गॅलरी, निळे पाण्याचे पिंप आणि दोरीवर वाळत घातलेले कंपनीचे गणवेश.

मला बघून बटण पिंपामागे गेला. अंगात तीच सुरवार. त्याची आजी खो खो हसत म्हणाली, "सुरवार माघारी मागताल म्हणून लपलंय बघा. चार दिस झालं, अंगातली काढू देईना. तेवढ्यापायीच साळंत येईना."

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! म्हणजे लाज वगैरे काही नाही, सुरवारीचं प्रकरण होतं तर. मीही हसले. म्हटलं, "राहू दे रे तुलाच." तेवढ्यात पिंपामागून आवाज आला. त्याचं इतकं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"आन् मॅडमबी हसल्या."

आजी गप्प झाली. मी गॅलरीतच बसले, पिंपाला टेकून. त्याला दिसत नव्हते, पण ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, "चुकलं माझं. मला कळलं नाही तुला काय पाहिजे ते." तिकडून उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने सुरवारीचं एक टोक दिसलं. मग अर्धं तोंड.

त्याचे वडील तेवढ्यात फर्स्ट शिफ्टवरून आले. मी त्यांना सगळं सांगितलं आणि मोठ्या उदारपणे म्हटलं, "आजपासून त्याने मराठीतच मागायचं. मी शाळेत बोलते." मला वाटलं, बरं वाटेल त्यांना. ते चप्पल काढता काढता थांबले.

"तेवढं नका करू मॅडम. मराठीत मागायला आमची आई शिकवती की. तुम्ही इंग्लिशमध्ये मागायला शिकवा." मग जरा थांबून म्हणाले, "मी धावी झालोय, मराठीतनं. कंपनीत फॉर्म पुढं ठेवत्यात, सगळा इंग्लिशमधला. मी सही करतो. ह्यात काय लिवलंय म्हणून इचारायचं असतं, पण ते इचारायचं कसं तेच येत नाही. तसाच हुभा ऱ्हातो."

यावर मला बोलता आलं नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात म्हटलं आहे की जमेल तिथे किमान पाचवीपर्यंत मुलाच्या घरच्या भाषेत शिकवावं. मला ते पटतं. तरी त्या गॅलरीत उभं राहून ते वाक्य म्हणायची माझी हिंमत झाली नाही. बाप टेबलापुढे तसाच उभा राहत होता, आणि पोरगं माझ्या टेबलापुढे उभं राहिलं होतं. दोघांनाही मागायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापिका बाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, "पालक फी कशाची भरतात, शेख मॅडम?" त्यांचंही खोटं नव्हतं. शेवटी मी वर्गापुरता माझा एक नियम केला. घाई असेल तर करंगळी वर करायची. करंगळीला माध्यम नसतं. आणि घाई नसेल तेव्हा, सकाळी प्रार्थनेनंतर, ते इंग्रजी वाक्य सगळ्यांनी मिळून चालीवर म्हणायचं. गरज नसताना शिकलं की गरजेला आठवतं.

करंगळीचा अर्थातच साथीचा रोग झाला. एकाने वर केली की अठ्ठावीस वर. गणिताच्या तासाला तर जास्तच. त्या वर्षीच्या वर्गाच्या फोटोत फोटोग्राफरने "रेडी?" म्हटल्याबरोबर सात जणांनी करंगळी दाखवली आहे. माझ्या शेजारी बटण उभा आहे. शर्टाचं दुसरं बटण नाही, आणि करंगळी सगळ्यांत उंच. मुख्याध्यापिका बाईंनी तो फोटो ऑफिसात लावला नाही, म्हणून तो माझ्याकडे आला.

मार्चच्या पालकसभेला त्याचे वडील आले. गुरुवार होता, त्यामुळे दाढी केलेली, झोप झालेली. माझ्यापर्यंत येईस्तोवर त्यांना हसू आवरत नव्हतं.

गावाकडे चुलतभावाचं लग्न होतं. पंगत बसलेली, बटण आजीच्या मांडीशी. मध्येच तो उठून उभा राहिला आणि भर पंगतीत, चालीवर, खणखणीत आवाजात ते इंग्रजी वाक्य म्हणाला. सगळी पंगत थांबली. वाढपी थांबले. बायका म्हणाल्या, "काय म्हणतंय गं लेकरू?" आजीचा ऊर भरून आला. "म्हणू द्या की. इंग्लिश बोलतंय माझा राजा." मग काय, 'म्हण बाबा आणखी एकदा.' त्याने पुन्हा म्हटलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी त्याच्या हातावर दहाची नोट ठेवली.

तो एका पायावर दुसरा पाय दाबून उभा. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग नोट खिशात घातली आणि करंगळी वर केली.

आजी जिलबी अर्धी टाकून उठली.

"बरं झालं मॅडम," वडील डोळे पुसत म्हणाले, "दोन्ही शिकवलं ते."